बारावा मोर

मंडळी, जरा पुढं सरकून बसा आणि मला एक सांगा. कौतुक ही काय श्राद्धाला वाढायची खीर आहे? माणूस गेला की आपण म्हणतो, "फार गुणी होता हो!" अहो, मग तो असताना जीभ कुठं गेली होती? — दिनकर, मृदंग पळतोय तुझा! सावकाश! — हां. तर ऐका.

येवल्यात रंगनाथ साळी नावाचा पैठणीचा विणकर. चाळीस वर्षं मागावर. बायको लवकर गेलेली, एकच लेक — कावेरी. आता त्याच्या घरची एक रीत सांगतो. रेशीम तपासायचं तर हात उलटा फिरवायचा! का? तळहाताला घट्टे पडलेले, रेशमाचा तंतू त्यात अडकतो. म्हणून तळहात वर आणि हाताची पाठ कापडावर — असा! आणि घरातल्या लेकरानं पहिला पदर विणला, की वडिलांनी त्यावरून असाच हात फिरवायचा. झालं! लेकरू विणकर झालं.

कावेरीनं सोळाव्या वर्षी पदर विणला. बारा मोर! अकरा असे, की आत्ता ओरडतील. बाराव्याची मान मात्र जरा वाकडी. रंगनाथनं पदर पाहिला. हात काही फिरवला नाही.

"बाराव्याची मान बघ," म्हणाला आणि जेवायला बसला.

पोर पदर धरून उभीच! अहो, अकरा मोर होते ना? ते दिसले नाहीत का हो याला?

पुढं कावेरी पुण्याला शिकायला गेली. कापडात तारा, दिवे, यंत्रं बसवायला शिकली. गेल्या श्रावणात तिचा फोन आला, "बाबा, आमच्या कपड्यांचं प्रदर्शन आहे. सात दिवस. या ना."

"मागावर ताणा चढवलाय," हा म्हणाला. "आणि पैठणीला दिवे लावायला ती काय लग्नाचा मांडव आहे?"

गेला नाही. आणि मंडळी, भाद्रपदात डेंग्यूनं कावेरी गेली! अठ्ठाविसाव्या वर्षी. ताणा मागावर तसाच राहिला.

यंदा तिच्या मैत्रिणीनं, शर्वरीनं, ते प्रदर्शन पुन्हा मांडलं आणि रंगनाथला न्यायला स्वतः येवल्याला आली. गेला बिचारा. काय काय होतं तिथं! एक झगा तर असा, घालणारीचं काळीज धडधडलं की कापड लाल! — हसू नका बायांनो, सासू दारात आली की तुमचं पितळ उघडं पडेल!

पण रंगनाथला हसू येईना. शेवटच्या दालनात टेबलावर अंथरला होता — तोच पदर! वाकड्या मानेच्या मोरासकट! शेजारी पाटी, 'हात फिरवा'. वर एक बारका कॅमेरा, हात बघणारा. लोक तळहात फिरवायचे, की पदरातले मोर उजळायचे. एक, दोन, तीन… अकरा. आणि बारावा? अंधारात!

"हा बिघडलाय वाटतं," एक गृहस्थ म्हणाले.

रंगनाथ पुढं झाला. पाटी वाचली नाही, काही नाही. रेशीम दिसलं आणि हात आपोआप उलटा झाला. घट्ट्यांचा तळहात वर — आणि मंडळी, बाराव्या मोराची वाकडी मान उजळली!

शर्वरी धावत जवळ आली. "काका… आम्ही म्हणायचो, दुरुस्त करू. तर ती हात लावू द्यायची नाही. म्हणायची, 'बिघडला नाहीये गं. त्याचा माणूस यायचाय.' सातही दिवस दाराकडं तोंड करून बसली होती."

रंगनाथ त्या पदराशी बोलला, "छान आहे गं. मान… मान छान आहे गं, कावेरे."

कोण ऐकणार? हात उताणा, भीक मागताना धरतात तसा. हात काढला की मोर विझायचा. म्हणून त्यानं हात काढलाच नाही. दालन बंद करायची वेळ झाली तरी नाही.

आता सांगा, तुमच्या घरी दाराकडं तोंड करून कोण बसलंय? आठवा! मला विचाराल, तर तो माझ्या मागंच बसलाय. हा दिनकर, माझा मुलगा. अठरा वर्षं मला साथ करतोय. चूक दाखवायला मला कधी उशीर झाला नाही, मगाशीही झाला नाही. दिनकर… छान वाजवतोस रे, बाळा. — अरे, थांबू नको, वाजव!

मंडळी, आरती थोडी थांबेल. ज्यांच्या घरचं कुणी वाट बघत असेल, त्यांनी बाहेर जाऊन आधी फोन करा. लाजू नका, जा! आणि ज्यांना फोन करायला आता कुणी उरलं नाही, त्यांनी इथं माझ्याजवळ येऊन बसा. आपण सगळे मिळून नाम घेऊ.