बाबांचा पाय आणि नवं इंजेक्शन

जुनी गाडी सुधारायच्या भानगडीत पडू नका, भिया. बाबांच्या गाडीचा कार्ब्युरेटर काढून मी फ्युएल इंजेक्शन बसवलं. माझ्या हातात ती लगेच सुरू व्हायची, बाबांच्या हातात अजिबात नाही. मेकॅनिक वैतागून म्हणाला, "मशीन में कोई खराबी नहीं है."

देवासहून धरमपुरीला मुंजीला निघालो, तेव्हा मी शेजारी बसून पाहिलं. बाबा कार्ब्युरेटरच्या जुन्या सवयीनं ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून चावी फिरवत होते.

"बाबा, असं दाबलं की नव्या इंजेक्शनचा कॉम्प्युटर पेट्रोल बंद करतो. पाय काढा."

त्यांनी पाय काढला. गाडी सुरू झाली. बाबांनी ती शांतपणे बंद केली.

"इतकी वर्षं हिला मी चालवली. आता ही मला शिकवणार?"

मुंजीला आम्ही बसनं गेलो.