हुशारीचं मशीन

अहो, हुशारी मोजायला आता पेपर लागत नाही, बोटं पुरतात! आमच्या शाळेत बोईसरहून एकजण मशीन घेऊन आला होता. मुलांच्या बोटांचे ठसे घ्यायचे आणि दहावीनंतर कोणाला सायन्स झेपेल ते सांगायचं. मी मुख्याध्यापकांशी भांडले, पण ऐकतंय कोण!

एडवणची दर्शना माझ्या वर्गातली सगळ्यात हुशार. प्रश्न पुरा व्हायच्या आत तिचा हात वर. तिची बोटं मात्र मशीन घेईना. पुसली, परत ठेवली, तरी नाही.

"ठसेच नाहीत. रिपोर्ट येणार नाही," तो म्हणाला.

तिची आई शेजारीच उभी होती. "कोलंबी सोलून झिजलीत. माजी पन रेशनच्या मशीनवर उठत नाय." मग तिने हळूच विचारलं, "म्हंजे हिला सायन्स नाय झेपनार?"

"ठशांशिवाय कसं सांगू?"

मी आईला बाजूला घेऊन बजावलं, हे सगळं थोतांड आहे. तिने परत एकदा दर्शनाची बोटं पदराने पुसली.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर गणित घातलं. दर्शनाचा हात खालीच.

"येत नाही का गं?"

"येतं बाई," ती म्हणाली. "पन माज्या बोटांत हुशारी नाय ना."