मेव्हण्याची बिलोरी बाटली

कॉफी निवायच्या आत सांगतो. दारूबंदी आली आणि कुंभकोणात पोटदुखी फार वाढली. माझा मेव्हणा सखोजीही औषध म्हणून घरीच द्राक्षासव करायचा. एकदा त्यानं चिनी मातीची बरणी सोडून ते एका गोऱ्या साहेबाच्या लिलावातल्या बिलोरी बाटलीत भरलं. भपका, दुसरं काय! महिनोन् महिने तसंच ठेवलं.

शेजारचे डॉक्टर बाटली उचलून म्हणाले, "राव, या जड काचेत शिसं असतं. आंबट रस मुरत ठेवला की ते रसात उतरतं. हळूहळू चढणारं विष आहे. ओतून टाका."

मेव्हणा भडकला. "आमच्या घरी आधी विठ्ठलाला नैवेद्य, मग आम्हाला. हा प्रसाद आहे. प्रसाद कुणी ओतून टाकतं का?"

मी म्हटलं, "मग प्या नि मरा."

ऐकेना. पेला भरलाच त्यानं.

तेवढ्यात माझी धाकटी बहीण, म्हणजे त्याची बायको, स्वयंपाकघरातून आली. पेला काढून घेतला आणि शांतपणे म्हणाली, "अहो, विठ्ठल नुसता बघतो, पीत नाही. म्हणून तर विटेवर अजून उभा आहे."