पाळण्यावरचा कॅमेरा

दातांच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर दोघी जावा बोलत बसल्या होत्या.

“ताई, राउटर बघायला माणूस आला, तो पासवर्ड न टाकताच आत शिरला.”

“अगं, पासवर्डशिवाय कसा शिरेल?”

“त्या मॉडेलमध्येच खोट आहे म्हणे. कंपनीने अपडेट कधीच पाठवलं होतं, आपणच केलं नाही.”

“म्हणजे कुणीही शिरेल?”

“शिरलं होतं. बाळाच्या पाळण्यावरचा कॅमेरा कुणीतरी बाहेरून बघत होतं.”

“कोण?”

“ते कळत नाही. आता अपडेट केलं, बाहेरून शिरायची वाटही बंद केली.”

“आणि आपली सख्खी नणंद चार दिवस राहायला आली, तर तिला मी पासवर्ड दिला नाही गं. म्हटलं, घरातलं बाहेर जायला नको.”