दाराला आबा

सांगते काय, तेव्हापासून मी मुलांना घरून वस्तू आणायला सांगणंच सोडलं!

अमळनेरजवळच्या आमच्या शाळेत पाचवीला म्हटलं, "इंग्रजांच्या काळातली, अजून वापरातली वस्तू आणा. तिचं चित्र काढा, मनोगत लिहा." कुणी कंदील आणला, कुणी कोळशाची इस्त्री. वैशालीनं आणलं नारळाएवढं पितळी कुलूप. चावी फिरवल्याशिवाय न लागणारं.

दुपारी तिच्या आबांचा फोन. "मॅडम, आमनं दारनं कुलूप शाळामा शे का?"

"हो आबा, काय सुंदर आहे!"

"सुंदर शे, पन बठ्ठं घर लगीनले गयं, नि मी सकाळपाईन उपाशी दारमा बठेल शे."

"सगळेच लग्नाला? मग दुसरं कुलूप लावून तुम्हीही जेवायला जा ना!"

"बसत नही. कडी बी इंग्रजस्नी शे."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. अख्खा वर्ग घेऊन कुलूप द्यायला गेले. आबा उंबऱ्यात आडवे पाय पसरून बसलेले. कार्ट्यांनी तिथंच वह्या उघडून आबांचंच चित्र काढायला घेतलं! वैशालीनं तर त्यांच्या पोटावर चावीचं भोक काढलं आणि खाली लिहिलं, 'मी कुलूप आहे. मला खूप भूक लागली आहे.'

मी ओरडणार, तेवढ्यात आबांनी चित्र निरखून पाहिलं.

"बठ्ठं बराबर शे. पन चावी काढानी राहिनी."

"दाखवा ना आबा, कशी आहे चावी?" वैशालीनं विचारलं.

"ती तुनी आजीना कमरले शे. लगीनमा."