पप्पांची मुलाखत

सुप्रियाताईच्या हॉस्टेलचं सांगितलं की आधी कुणाचा विश्वासच बसत नाही. बारावीनंतर तिला नगरच्या जुन्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता. पण तिला हॉस्टेलवर ठेवायचं की घरी परत न्यायचं, हे पप्पा रेक्टर मॅडमना भेटून ठरवणार होते. शेवगावपासून एसटीत ते मॅडमना विचारायचे प्रश्नच घोकत होते.

मॅडमनी त्यांना समोर बसवलं, ताई आणि मी मागे उभे राहिलो. “आमच्याकडे मुलाखत मुलीची नसते, वडिलांची असते. पोरगी फोनवर रडली तर काय कराल?”

“लगीच गाडी घिऊन येईन.”

“चुकलं. आधी विचारायचं, जेवलीस का? सुरुवातीचं निम्मं रडणं भुकेचं असतं.”

ताईनं माझा हात घट्ट धरला.

“आणि गावात कुणी म्हणालं, शहरात ठेवलेली पोरगी हाताबाहेर जाते, तर?”

घरी हेच तर पप्पा स्वतः म्हणत होते. आता मात्र ते म्हणाले, “म्हनंन, पोरगी माझी हाय. तिची काळजी तुमी नका करू.”

मॅडम पहिल्यांदाच हसल्या. “दरवर्षी अख्खा जून माझा वडिलांना शिकवण्यात जातो. त्यामानानं मुली सोप्या. चला, हिची खोली दाखवते.”

खोली बघून बाहेर आल्यावर पप्पांनी आईला फोन लावला. “अगं, पास झालो!”

“कोन, सुप्रिया?”

“ती कवाच झालीय. मी आत्ता झालो.”