आईच्या फोटोपुढची मेणबत्ती

आई गेली तेव्हाची गोष्ट सांगते. आम्ही खर्डा गावचे. ती गेल्यापासून दादा, म्हणजे माझे वडील, एक शब्द बोलले नव्हते. रडलेही नव्हते. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे तिच्या स्मरणार्थ ठेवलेल्या विधीच्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलं होतं, बुद्धवंदना सुरू करायची होती, आणि आईच्या फोटोपुढची मेणबत्ती नुसती फडफडून काळा धूर सोडत होती. फोटोची काच काजळायला लागली. मी ती मेणबत्ती काढून दुसरी लावायला निघाले, तेवढ्यात मागून आवाज आला, "थांब. चांगली हाय ती. वात लई लांब झालीय."

दादाच बोलत होते. ते उठले, पंखा बंद केला, मेणबत्ती विझवून गार होऊ दिली आणि कात्रीनं वात कापून नखाएवढी ठेवली. पुन्हा पेटवली तेव्हा ज्योत सरळ उभी राहिली.

"दादा, हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"तुझ्या आईनं. मी रोज वात न कापता तशीच लावायचो अन् ती रोज रागवायची." मग ते फोटोकडं बघत राहिले. "आता मला कोन रागवनार?"

आई गेल्यावर दादा तेव्हा पहिल्यांदा रडले.